हवेतून आले, विहिरीत मुरले

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची, नागपूरची बिऱ्हाडे गावाकडे निघतात. अभ्यंगस्नानाला विहिरीचे पाणी, पहाटेच्या गारठ्यात कोमट लागणारे. फराळावर प्यायलाही तेच. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, विहिरीच्या पाण्याला गोडी असते, असे सांगणारे एक तरी वडीलधारे माणूस प्रत्येक घरात असतेच. ऐन सणात त्या पाण्याला नावे ठेवणे बरे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वर्धा जिल्ह्यातून आलेल्या एका पत्रामुळे या विषयाला हात घालणे भाग पडले आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी शहरात राहतात; त्यांचे माहेर वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. धाकट्या वहिनीचे बाळ चार महिन्यांचे आहे आणि त्याला वरच्या दुधाची सवय लावणे चालू आहे. भगिनी लिहितात : "घरच्या विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ आहे. सहज म्हणून तपासून घेतले, तर नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा शेरा आला. आई म्हणते, पाणी चांगले वीस मिनिटे उकळून दुधात घालू. भाऊ म्हणतो, फिल्टर आणू. माझा प्रश्न निराळाच आहे. शास्त्र इतके पुढे गेले, मग हे नायट्रेट पाण्यातून नुसते गाळून न काढता नाहीसेच करता येत नाही काय?"

भगिनींचा प्रश्न मोठा मार्मिक आहे व त्याचे उत्तर रंजकही आहे. पण आधी आईंच्या म्हणण्याचा निकाल लावू. कारण त्यात एका तान्ह्या जिवाचा प्रश्न आहे.

उकळू नका, अधिक वाढेल

उकळल्याने पाण्यातील जंतू मरतात, म्हणून उकळण्याची सवय फार चांगली. परंतु नायट्रेट हा जंतू नव्हे. तो मिठासारखा पाण्यात विरघळलेला क्षार आहे. आमटी फार वेळ आटवली की खारट होते, तोच न्याय येथे लागू पडतो. पाण्याची वाफ होऊन जाते, नायट्रेट भांड्यातच राहते. म्हणजे वीस मिनिटे उकळलेल्या पाण्यात, प्रत्येक पेल्यामागे, ते न उकळलेल्या पाण्यापेक्षा जास्तच भरणार. तुरटी फिरवणे, दुहेरी फडक्याने गाळणे, क्लोरीनचे थेंब टाकणे, कँडलचा फिल्टर, अतिनील दिव्याचा फिल्टर यांपैकी कशानेही नायट्रेट हटत नाही. हे सारे उपाय गाळासाठी आणि जंतूंसाठी आहेत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि एवढ्या प्रमाणात असताना चवही नाही. म्हणूनच पाणी काचेसारखे दिसते.

तान्ह्या बाळाला त्याची भीती का, हे १९४५ साली अमेरिकेत प्रथम नीट ध्यानात आले. आयोवा प्रांतात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांकडे अंगाने निळसर पडलेली तान्ही बाळे आली. हृदयाचा दोष दिसेना, फुप्फुसाचा दिसेना. शेवटी शोध लागला तो शेतावरच्या विहिरींचा. त्या पाण्यात बाळांचे दूध कालवले जात होते आणि पाण्यात नायट्रेट फार होते. थोरांच्या पोटात जे आम्ल असते, ते सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या पोटात पुरेसे तीव्र नसते. तेथे जंतूंचे फावते व ते नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते आणि ते प्राणवायू वाहून नेईनासे होते. बाळ श्वास घेते, छाती हलते, पण अंगाला प्राणवायू पोचत नाही. ओठ, नखे निळसर दिसू लागतात. बाळाला हगवण लागलेली असेल तर धोका आणखी वाढतो. वेळेवर रुग्णालयात नेले तर यावर औषध आहे, आणि गंमत अशी की ते औषध म्हणजे मेथिलीन ब्लू नावाचा एक निळा रंगच आहे. निळे पडलेले बाळ निळ्या रंगाने पुन्हा गुलाबी होते. मात्र ते डॉक्टरांनी शिरेतून द्यावयाचे औषध आहे, घरच्या बटव्यातले नव्हे.

तेव्हा त्या घराला आमचा निरोप असा : बाळाच्या पोटात त्या विहिरीचे पाणी मुळीच जाऊ देऊ नका, उकळून तर नाहीच. सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध, हा सल्ला डॉक्टर देतात तो याही कारणाने शहाणपणाचा आहे. आई स्वतः ते पाणी प्यायली तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. वरचे दूध द्यावेच लागत असेल, तर त्यासाठी तपासून घेतलेले, नायट्रेट कमी असलेले पाणी वेगळे आणा.

आकडे काय म्हणतात

एका घरच्या एका विहिरीची ही गोष्ट असती तर दिवाळी अंकाची पाने तिच्यासाठी खर्ची घातली नसती. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, आणि या मर्यादेत सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालाप्रमाणे देशातील ४४० जिल्ह्यांत कोठे ना कोठे ही मर्यादा ओलांडलेली आढळली. २०१७ साली असे जिल्हे ३५९ होते. त्याच अहवालात नायट्रेटचा त्रास सर्वांत अधिक असलेल्या पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. तीत आपल्या महाराष्ट्रातील सात नावे आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. पंधरांत सात आपले, आणि त्यांतले वर्धा, अमरावती, यवतमाळ हे तर एकमेकांचे शेजारी!

ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, जेथे पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, तेथील विहिरींवर हा शेरा यावा याचे वाईट वाटते. परंतु वाईट वाटून घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. नायट्रेट तेथे आले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. त्याची कथा वर्ध्यात नव्हे, जर्मनीत सुरू होते. आणि तिचा नायक आहे एक उत्प्रेरक.

लग्न जुळवणारा मध्यस्थ

उत्प्रेरक म्हणजे काय? दोन पदार्थांचा संयोग व्हावयाचा असतो, पण तो होता होत नाही. किंवा इतका सावकाश होतो की आपल्या हयातीत दिसू नये. तेथे तिसरा एखादा पदार्थ नुसता हजर राहिला की काम झपाट्याने पार पडते, आणि हा तिसरा शेवटी होता तसाच उरतो. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने या प्रकाराला नाव दिले. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ असतात, त्यांच्यासारखेच हे. दोन्ही घरी जाऊन बोलणी सोपी करावयाची, अक्षता पडल्या की पुढच्या स्थळाकडे वळावयाचे. मध्यस्थ निदान जेवून तरी जातो. उत्प्रेरक तेवढेही करीत नाही.

मात्र मध्यस्थाने कितीही खटपट केली तरी जे मुळात जुळण्यासारखेच नाही ते जुळत नाही. डोंगरापलीकडच्या गावी जावयाचे तर माथा ओलांडण्याऐवजी खिंड दाखविणारा वाटाड्या मिळावा, तेवढेच उत्प्रेरकाचे काम. गाव तोच राहतो, चढ तेवढा कमी होतो.

आपल्या स्वयंपाकघरात उत्प्रेरकाचे कर्तृत्व पुष्कळ वर्षे डब्यातून येत आहे. तेलात हायड्रोजन मिसळून त्याचे वनस्पती तूप करतात, ते निकेल धातूच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने. प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य पाणी वाटीत घ्या व त्यात कच्च्या बटाट्याची चकती टाका. चकतीवर भराभर फेस येऊ लागेल. तो प्राणवायू होय. पेरॉक्साइड बाटलीत महिनोन्महिने शांत बसते. बटाट्यातील एक विकर, म्हणजे सजीवांच्या अंगातला उत्प्रेरक, त्याला क्षणात फोडतो. मुलांना हा खेळ जरूर दाखवा. मात्र वाटी मोठ्या माणसाने हाताळावी. काही जण उत्प्रेरकाला विरजणाची उपमा देतात, ती मात्र खरी नव्हे. विरजणातले जिवाणू दुधावर पोसतात आणि वाढतात. उत्प्रेरक वाढत नाही, घटतही नाही.

तिपदरी गाठ

आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. पिकाला नत्र हवे असते, पण हवेतले नत्र त्याला घेता येत नाही. समुद्रात राहून तहानेने व्याकूळ व्हावे तशी ही गत. कारण हवेत नत्राचे अणू जोडीजोडीने असतात व त्या जोडीला तिपदरी गाठ बसलेली असते. ती सुटता सुटत नाही.

१९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ही गाठ सोडवून दाखविली. प्रचंड दाबाखाली, तापवलेल्या नळीत, उत्प्रेरकावरून नत्र आणि हायड्रोजन नेले, तेव्हा त्यांचा अमोनिया झाला. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, सोन्याहून दुर्मिळ. कारखान्याला स्वस्त काहीतरी हवे होते. आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासली आणि अखेर साध्या लोहाच्या खनिजात ॲल्युमिना व पोटॅश यांची चिमूट घातलेले मिश्रण कामाला आले. कार्ल बॉश यांनी दाब सोसणारी यंत्रे बांधली, आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात दारूगोळा झाला, आणि त्याच अमोनियापासून पुढे जगाचे खत झाले. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या एका शोधावर उभे आहे, असे मानतात. आपल्याकडे सिंद्रीचा मोठा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला. अन्नधान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना खताच्या पोत्याची किंमत सांगावयास नको.

म्हणजे उत्प्रेरकाने हवेतले नत्र खाली उतरविले आणि शेतात आणले. ते विहिरीत कसे गेले?

काळ्या मातीच्या भेगांतून

युरिया मातीत पडला की त्याचा अमोनिया होतो, आणि मातीतले जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. नायट्रेट हेच पिकाचे आवडते खाद्य. पण टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या मुखी बहुधा निम्मेही लागत नाही. काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर खाली जाते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, नायट्रेटवरही ऋणच. सारख्याला सारखा दूर लोटतो, म्हणून माती नायट्रेटला धरून ठेवीत नाही.

त्यातून वर्ध्याची जमीन म्हणजे कापसाची काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला वळीव आला की पाणी मातीतून मुरत न बसता भेगांतून सरळ खाली उतरते. खाली दख्खनचा काळा पाषाण. त्याच्या वरच्या थरातला मुरूम आणि खडकातल्या चिरा, एवढीच पाणी साठविण्याची जागा. हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू, समुद्रपूर, कुठेही पाहा, साध्या विहिरी याच उथळ थरात उतरलेल्या आहेत. भांडे लहान, म्हणून त्यात थोडे पडले तरी पुष्कळ होते.

किती थोडे, त्याचा हिशेब पाहा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. त्यातले फक्त एक किलो नत्र विहिरीकडे गेले असे समजू. नायट्रेटच्या रूपात त्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. लिटरला ४५ मिलिग्रॅम या हिशेबाने, अगदी शुद्ध असलेले जवळजवळ एक लाख लिटर पाणी तेवढ्याने मर्यादेच्या काठावर येऊन बसते. एका गोणीतल्या एका किलोने!

सगळा दोष युरियावर टाकणेही न्यायाचे नाही. विहिरीला लागून असलेला गोठा, तिच्या वरच्या अंगाचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांतूनही नायट्रेटच झिरपते. शेणातले नत्र आणि गोणीतले नत्र विहिरीत पोचल्यावर वेगळे राहत नाही.

उलट्या पावली परत

आता भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. नायट्रेट नाहीसे करता येईल काय?

गाळण्याच्या ज्या पद्धती नायट्रेटला चालतात, त्या मुख्यतः दोन. एक, आर.ओ. : पाणी दाबाने अत्यंत सूक्ष्म पडद्यातून ढकलावयाचे. दुसरी, रेझिनचे मणी : ते नायट्रेट धरतात आणि त्याच्या बदल्यात मिठातला क्लोराइड पाण्यात सोडतात. दोन्ही उपयोगी आहेत. पण यांत नायट्रेट नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. घरच्या आर.ओ.मध्ये एक तांब्या चांगल्या पाण्यामागे दोन-तीन तांबे पाणी टाकून द्यावे लागते, आणि त्यात सारे नायट्रेट गोळा झालेले असते. ते पाणी मोरीतून परत जमिनीत! रेझिन धुतलेल्या खारट पाण्याचीही तीच कथा. घरातला केर झाडून दाराआड लोटावा, त्यातला हा प्रकार.

उत्प्रेरकाची वाट निराळी. १९८९ साली जर्मनीत फोरलोप व टाके या शास्त्रज्ञांनी ती दाखवून दिली. पॅलेडियम व तांबे या दोन धातूंचे अतिसूक्ष्म कण ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र दाण्यांवर बसवावयाचे, आणि हायड्रोजन मिसळलेले पाणी त्या दाण्यांवरून सोडावयाचे. हायड्रोजन नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतो व त्याचे पाणी होते. उरलेले नत्राचे अणू जोडीजोडीने पुन्हा तीच तिपदरी गाठ मारून नत्रवायू होतात, आणि बुडबुडे होऊन हवेत निघून जातात. जे १९०९ मध्ये हवेतून उतरविले, ते पुन्हा हवेत! साठा नाही, गाळ नाही.

यात दोन धातू का, तेही पाहण्यासारखे आहे. नायट्रेटला पहिला धक्का देऊन त्याचे नायट्राइट करणे हे मुख्यतः तांब्याचे काम. पॅलेडियमला ते एकट्याने साधत नाही. नायट्राइटचे पुढे नत्रवायू करणे, ते पॅलेडियमचे. दोघे एकमेकांना खेटून बसलेले असले तरच काम होते. पाटा आणि वरवंटा यांतला एकच घरात असून वाटण होत नाही, तसेच हे.

मग हे यंत्र घरोघर का नाही? कारण वाटेत तीन अडथळे आहेत, आणि ते वाचकांनी जाणून घेतले पाहिजेत; नाही तर उद्या कोणी दारावर येऊन 'उत्प्रेरकाचा फिल्टर' म्हणून काहीही विकून जाईल.

पहिला अडथळा : काम अर्धवट राहिले तर उपाय रोगाहून भयंकर. मध्येच थांबले तर पाण्यात नायट्राइट उरते. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटला लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तर नायट्राइटला अवघ्या ३ ची. यावरून काय ते समजावे. आणि काम गरजेहून पुढे गेले तर नत्रवायूऐवजी अमोनिया होतो, जो आपण पाण्यातून काढावयास निघालो नव्हतो! पाणी अल्कधर्मी झाले की अमोनियाचे प्रमाण वाढते, आणि ही क्रियाच पाण्याला अल्कधर्मी करते. म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडून किंवा मुंगीच्या दंशात असते ते फॉर्मिक आम्ल घालून पाणी सतत ताळ्यावर ठेवावे लागते. फॉर्मिक आम्लाची आणखी सोय अशी की त्याच उत्प्रेरकावर ते फुटून स्वतःच हायड्रोजन पुरविते.

दुसरा अडथळा : उत्प्रेरकालाही विषबाधा होते. पाण्यात गंधकाची काही संयुगे किंचित असली तरी पॅलेडियम निकामी होते. जड पाण्यातला चुना दाण्यांवर बसून छिद्रे बुजवितो. बंबाच्या आत चुन्याचा थर बसलेला ज्यांनी खरवडला आहे, त्यांना हे सांगावयास नको.

तिसरा अडथळा पैशाचा. पॅलेडियम हा दागिन्यांच्या पंक्तीतला धातू आहे. त्याऐवजी स्वस्त काही सापडावे, म्हणून जगभर प्रयत्न चालू आहेत. मिटाश यांना ऑस्मियमच्या जागी लोह सापडले. येथेही कोणाला तरी सापडेल, अशी आशा धरावयास हरकत नाही. पण आज ही पद्धत मुख्यतः प्रयोगशाळेत आणि चाचणीच्या यंत्रांत आहे, गावच्या टाकीवर नाही.

कशाला लागू, कशाला नाही

पाण्यातील इतर रासायनिक घाणीवरही उत्प्रेरक चालतात. १८९४ साली इंग्लंडात फेंटन यांनी दाखविले की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा किंचित क्षार घातला की ते टार्टारिक आम्लाला, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आंबटपणाला, झपाट्याने फोडते. तीच युक्ती आज कापडाच्या रंगाच्या सांडपाण्यावर वापरतात. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखविले. हा पदार्थ म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली पांढरी भुकटी. पुढे असे दिसून आले की उन्हात ही भुकटी पाण्यातले रंग, कीटकनाशके यांचेही तुकडे करते. वर मेथिलीन ब्लूचे नाव आले. अशा नव्या उत्प्रेरकाची परीक्षा घेताना प्रयोगशाळेत बहुधा तोच रंग पाण्यात घालतात आणि निळाई किती वेळात जाते ते पाहतात. मात्र या भुकटीला उन्हातले फक्त अतिनील किरण चालतात, आणि उन्हात ते शेकडा चार-पाचच. वर्ध्याचा मे महिना कितीही भाजून काढो, नुसत्या उष्म्याने हे काम होत नाही.

आणि जी घाण मूळ द्रव्याचीच आहे, तेथे उत्प्रेरकाचे काही चालत नाही. शेजारच्या चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड असते. त्याने दात डागळतात, हाडे वाकतात. फ्लोरिन हे मूलद्रव्य. ते फोडून आणखी काय होणार? ते धरूनच काढावे लागते. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्यासाठी तुरटी आणि चुना यांची साधी पद्धत बसविली. नलगोंड्याच्या नावाने ती प्रसिद्ध आहे. म्हणजे पाण्यात काय आहे ते आधी कळले पाहिजे, मग उपाय. रोग न ओळखता औषध देणारा वैद्य आपण दारात उभा करीत नाही. फिल्टर मात्र जाहिरात पाहून घेतो.

तुरीच्या मुळाशी बसलेला कारखाना

हाबरच्या कारखान्यात लोहाचा उत्प्रेरक चारशे-पाचशे अंश तापमान आणि दीड-दोनशे वातावरणांचा दाब मागतो. तीच तिपदरी गाठ तुरीच्या रोपाच्या मुळाशी, शेतातल्या साध्या हवेत, गाजावाजा न करता सुटत असते. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू एका विकराच्या बळावर हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. त्या विकरातही लोह आहे, जोडीला मॉलिब्डेनम. गावी जाल तेव्हा मुलांना एखादे रोप उपटून अशी गाठ नखाने फोडून दाखवा. आतून ती गुलाबी दिसेल. तो रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे चुलत भावंड आहे.

आणि उलटा प्रवासही निसर्गात होतोच. नदीकाठच्या दलदलीत, जेथे प्राणवायू कमी, तेथले जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरून घेतात आणि नत्र हवेत सोडून देतात. पॅलेडियम आणि तांबे जे करू पाहतात, ते हे जिवाणू फुकट करतात. परदेशांत काही ठिकाणी नगरपालिकेच्या पाण्यासाठी त्यांनाच टाकीत कामाला लावले आहे. मात्र आपल्या विहिरीत जे आपण ओततो, ते पुरवठ्याच्या मानाने इतके अधिक आहे की या बिचाऱ्यांना ते उरकत नाही.

म्हणून खरा उपाय विहिरीच्या काठावर नसून बांधाच्या आत आहे. युरिया एकदम न टाकता पिकाच्या वयाप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यावा. मोठा पाऊस समोर दिसत असता देऊ नये. २०१५ पासून आपल्याकडे युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला आहे. त्याने नायट्रेट सावकाश तयार होते. सोयाबीनला, तुरीला कपाशीइतके नत्र लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा. विहिरीला कठडा असावा, भोवती पाणी साचू नये. मैला आणि शेण म्हणजे घाण नव्हे, योग्य जागी पडले तर ते सोने आहे, हा विचार वर्ध्याच्या मातीला नवा नाही. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हापासून ती माती हेच ऐकत आली आहे.

शहरातले वाचक म्हणतील, आम्हांला शेत नाही, आम्ही काय करावे? गावाकडे जाणारच आहात, तर एवढे करा. घरच्या विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ही सोय असते. पुष्कळ ग्रामपंचायतींकडे जागच्या जागी तपासण्याची पेटीही असते. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, अशी दोन वेळा तपासणी करावी, कारण आकडा बदलतो. शहरात बोअरिंगचे पाणी पिणाऱ्या सोसायट्यांनीही हेच करावे. आणि घरात तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर तपासणीचा कागद हाती येईपर्यंत वाट न पाहता पिण्यापुरते पाणी खात्रीच्या जागेहून आणावे. चार हांडे लांबून आणण्याचा त्रास हा फार मोठा त्रास नव्हे.

पणतीत तेल घालताना घरची लक्ष्मी हात राखून घालते. वात भिजेल एवढे हवे. काठोकाठ भरले तर उजेड वाढत नाही, कोनाडा मात्र तेलकट होतो. शेताला नत्र देतानाही हात असाच राखावयास हवा. वाचकांना आणि त्यांच्या घरच्या लहानग्यांना ही दीपावली सुखाची जावो.